निरंक अहवालांचा भक्कमपणा

करोनानंतर एक युक्तिवाद इतका रूढ झाला आहे, की त्यावर शंका घेणारा माणूस मागासलेला ठरतो. युक्तिवाद असा: साथीत आपली यंत्रणा गडबडली, कारण माहिती कागदावर होती आणि कागद सावकाश चालतो. आता रोग सर्वेक्षणाचा नवा ऑनलाइन मंच आला, प्रत्येकाच्या नावाने आरोग्य-ओळखीचा ‘आभा’ क्रमांक निघाला, आशाताईंच्या हाती मोबाइल गेला, जिल्हाधिकाऱ्यांसमोर डॅशबोर्ड लागला. गावात काही घडले तर त्याच दिवशी दिल्लीला कळेल. उरले एवढेच, की सर्व्हर पडू नये, हॅकर आत शिरू नये, नेटवर्क जाऊ नये. तेवढे सांभाळले, की संकट कितीही मोठे आले तरी माहितीची यंत्रणा टिकून राहील.

हा युक्तिवाद मुळातच फसलेला आहे. आणि तो कुठे फसतो हे मुंबईतल्या सादरीकरणांपेक्षा मुकुटबनमध्ये अधिक स्पष्ट दिसते.

मुकुटबन यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला, झरी-जामणी तालुक्यात. तालुक्याचे ठिकाण झरी, पण बाजार, पोलीस ठाणे, रेल्वे स्टेशन आणि अलीकडे सिमेंटचा कारखाना इथे. आजूबाजूला कोलामांचे पोड, गोंडांच्या वस्त्या, आणि नजर जाईल तिथवर पऱ्हाटी. खाली पैनगंगा, नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. इथल्या माणसाला जड आजार झाला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याला वणीला किंवा पांढरकवड्याला रेफर करतात. तिथून पुढे यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘मेडिकल’. ते शंभरावर किलोमीटर दूर. म्हणून ज्याला जमेल तो चंद्रपूरला जातो, आदिलाबादला जातो, उसनवारी करून नागपूर किंवा सेवाग्राम गाठतो. एका गावचे पाच रुग्ण पाच ठिकाणच्या रजिस्टरांत नोंदले जातात आणि त्यांतले एक रजिस्टर तर दुसऱ्या राज्याचे असते. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून २०१७ च्या हंगामाकडे पाहू.

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा होऊ लागली. बीटी कपाशीची गुलाबी बोंडअळीपुढे मात्रा चालेनाशी झाली होती, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट आणि कोंदट होती. कृषी केंद्रातून मिळतील ती दोन-तीन औषधे एकत्र करून, पाठीवरच्या पंपाने, उघड्या अंगाने फवारणी चालली होती. माणसे उलट्या करत, डोळ्यांपुढे अंधारी येऊन, घामाने निथळत दवाखान्यात येत होती. काही जण इतके बेभान होत, की त्यांना खाटेला बांधावे लागे. जुलैअखेर सुरुवात झाली, ऑगस्टमध्ये संख्या वाढली, सप्टेंबरमध्ये ती हाताबाहेर गेली. अधिकृत आकड्यांनुसारही एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जणांना भरती करावे लागले. राज्य सरकार खऱ्या अर्थाने हलले ते ऑक्टोबरमध्ये, वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यावर. अमरावतीचे तत्कालीन विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबरमध्ये पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. फवारणीचा मुख्य हंगाम तोवर उरकत आला होता.

या दिरंगाईचे त्या वेळी दिले गेलेले स्पष्टीकरण आजही ऐकू येते: माहिती वेळेत मिळाली नाही. भक्कम माहिती यंत्रणेची सगळी भाषा याच वाक्यावर उभी आहे. माहिती मिळाली नाही, म्हणून माहिती पोहोचवणारे यंत्र हवे, असा तो हिशेब.

पण माहिती होती. नुसती होती असे नाही, ती त्याच रात्री लिहून, सही-शिक्क्यासह एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात होती. विषबाधेचा रुग्ण सरकारी दवाखान्यात आला, की ती एमएलसी होते, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण. डॉक्टर पोलीस चौकीला लेखी कळवतो, पोलीस येऊन जबाब घेतात, संबंधित ठाण्याला कागद जातो. यासाठी ना इंटरनेट लागते, ना वीज. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत आजच्या कुठल्याही ॲपइतकी तातडीची आहे. २०१७ च्या त्या तीन महिन्यांत ती बंद पडली नव्हती. उलट तिच्यात इतकी बारीक माहिती साठत होती, की नंतर ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने स्थानिक अधिकाऱ्यांची कागदपत्रे मिळवली, तेव्हा त्यांत सिंजेंटा कंपनीच्या ‘पोलो’ या एकाच उत्पादनाशी जोडलेल्या ९६ विषबाधांच्या पोलिसी नोंदी सापडल्या. त्यांतले दोघे दगावले होते. त्या आधारावर सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या कुटुंबांची तक्रार स्वित्झर्लंडमध्ये दाखल झाली आणि बाझलच्या न्यायालयातही दावा गेला. कंपनीने आपली जबाबदारी नाकारली आहे. तो वाद तिथे सुटेल तसा सुटेल. इथे मुद्दा एवढाच, की कोणते औषध फवारताना कोण पडला हे यवतमाळच्या पोलिसांच्या दप्तरात होते. तीन वर्षांनी ते बाझलला पोहोचले. मधल्या काळात ते यवतमाळच्याच कृषी अधीक्षकांच्या टेबलावर वेळेत का पोहोचले नाही?

कारण त्या कागदाचा रस्ता गुन्ह्याच्या दिशेने आखलेला आहे. एमएलसीचा कागद विचारतो, की विष स्वतः घेतले, कोणी दिले, की अपघाताने गेले. शेतकरी आत्महत्यांसाठी बदनाम झालेल्या जिल्ह्यात विषाचा रुग्ण आला, की पहिला संशय कुठे जातो हे सांगायला नको. एकाच आठवड्यात एकाच तालुक्यातून फवारणी करणारे दहा जण आले, तर ते दहा स्वतंत्र जबाब होतात. त्या दहांची बेरीज करणे हे त्या कागदाचे कामच नाही, आणि ज्याचे ते काम होते त्याच्याकडे तो कागद जात नव्हता.

यावर आरोग्य खात्यातली जाणकार मंडळी म्हणतात, की पोलिसांचे सोडा, रोगांच्या सर्वेक्षणाची आपली स्वतंत्र व्यवस्था आहे, आणि कीटकनाशकाची विषबाधा हा रोग नव्हे. तो शेती खात्याचा विषय. या आक्षेपाला तपशिलात उत्तर द्यायला हवे. २००४ पासून चालू असलेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी दर आठवड्याला ‘पी फॉर्म’ भरत असे. त्यात हगवण, विषमज्वर, हिवताप, डेंग्यू यांच्या ओळी होत्या. त्याच फॉर्मात सर्पदंशाची ओळ होती, आणि कुत्रा चावल्याचीही होती. कुत्रा चावणे हा काही रोग नव्हे, तरी त्याला ओळ मिळाली. कारण रेबीजची लस कुठे किती लागेल हे खात्याला ठरवायचे असते. म्हणजे ‘हा रोग नव्हे’ ही सबब फॉर्मानेच निकालात काढली होती. कपाशीच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात फवारणीने माणसे पडतात हे मुकुटबनच्या कुठल्याही सिस्टरला ठाऊक असते, पण त्यासाठी ओळ नव्हती. आणि गंमत पाहा, फॉर्मच्या शेवटी ‘वरील यादीत न बसणारी अनोखी लक्षणे’ लिहिण्याची मोकळी जागाही होती! एक डॉक्टर तिथे चार शब्द लिहू शकला असता.

तो लिहीत नाही, कारण मोकळ्या जागेत लिहिणे म्हणजे काम ओढवून घेणे. ‘निरंक’ अहवालावर कोणी प्रश्न विचारत नाही. त्या जागेत काही लिहिले, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा फोन येतो, मग जिल्ह्याचा, मग खुलासा, मग ‘आधी का कळवले नाही’ हा ठरलेला प्रश्न. औषधसाठा मात्र येत नाही. विषबाधा ओळखण्यासाठी रक्तातले कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय त्या वेळी यवतमाळच्या मेडिकलमध्येही नव्हती, तर मुकुटबनच्या डॉक्टरने नेमके काय सिद्ध करून कळवायचे होते? वर्षानुवर्षे निरंक अहवाल वेळेवर पाठवणारे केंद्र कागदोपत्री उत्तम ठरते. अशा यंत्रणेला संकट हलवू शकत नाही, हे खरेच. तिला कशानेच हलवता येत नाही.

हे नवे नाही. पुण्यात १८९७ च्या प्लेगात प्लेग अधिकारी रँडच्या शिपायांनी घराघरांत घुसून रुग्ण शोधले, माणसे छावणीत नेली, सामान जाळले. त्या धाकाने लोकांनी रुग्ण माळ्यांवर, कोठ्यांत लपवले, प्रेते रात्री गुपचूप नेली. सरकारकडे सक्तीचा कायदा होता, फौज होती, नोंदवह्या होत्या; पण खरी खबर देणाऱ्यालाच त्याची किंमत मोजावी लागत होती, म्हणून खबर आटली. आजची सक्ती सौम्य आहे, तिचे नाव खुलासा आणि वेतनवाढ रोखणे. परिणामाची जात तीच.

आता नव्या यंत्राकडे वळू. एप्रिल २०२१ मध्ये रोग सर्वेक्षणाचा नवा मंच आला, आयएचआयपी. पूर्वीच्या १८ रोगांऐवजी ३३ रोगांवर लक्ष, आठवड्याऐवजी रोजची नोंद, शिवाय अनपेक्षित घटना कळवण्याची स्वतंत्र सोय. ही सुधारणा खरी आहे, मी ती नाकारत नाही. साथीच्या तापात सहा दिवस वाचणे म्हणजे माणसे वाचणे. पण हा मंच नेमका कोणत्या महिन्यांत येत होता आणि तेव्हा यवतमाळमध्ये काय चालले होते, हे त्याचे गुणगान करणाऱ्यांनी विसरू नये.

फेब्रुवारी २०२१. देशात करोना ओसरल्याचे वातावरण, आणि अमरावती, यवतमाळ, अकोल्यात मात्र आकडे अचानक वर चढलेले. हे आकडे लपलेले नव्हते. रोज जाहीर होत होते, डॅशबोर्डवर दिसत होते. निर्बंध लागले, अमरावतीत टाळेबंदी आली. विषाणू बदलला आहे का, असा प्रश्न तेव्हाच निघाला. राज्याच्या आरोग्य विभागाने उत्तर दिले, की तपासलेल्या नमुन्यांत परदेशी स्ट्रेन नाही. ब्रिटनचा नाही, दक्षिण आफ्रिकेचा नाही, ब्राझीलचा नाही. उत्तर खरे होते. विदर्भात काही तरी इथलेच, नवे आणि अधिक वेगाने पसरणारे उगवले असेल, यासाठी मात्र त्या उत्तरात जागा नव्हती. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने एकत्र सापडली आहेत. पुढे याच कुळातल्या ‘डेल्टा’ने जगाला वेठीस धरले. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंतचा तो काळ नेटवर्क गेल्यामुळे वाया गेला नाही. आकडा वर जाण्याचा वेग आणि त्या आकड्यावर कोणी तरी अधिकाराने निर्णय घेण्याचा वेग, या दोन्हींत काडीचा संबंध नसतो, हे त्या काळाने दाखवले.

म्हणून सर्व्हरच्या सुरक्षिततेला मी दुय्यम मानतो. दुय्यम म्हणजे क्षुल्लक नव्हे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातले सर्वांत नामांकित रुग्णालय जवळपास दोन आठवडे हाताने केसपेपर लिहीत बसले. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली संगणकीय रुग्णनोंदणी बंद पडली होती. तिथे हॅकर नव्हता, थकलेल्या बिलांचा वाद होता. रुग्णाची जुनी माहिती पडद्याआड आणि खिडकीवर पुन्हा कागद-पेन. दोन्ही वेळी रुग्णालये चालली ती कशाच्या जोरावर? ज्या रजिस्टरांना मागासलेपणाची खूण मानून अडगळीत टाकायचे चालले आहे, त्यांच्याच. ज्याला खरोखर टिकाऊ व्यवस्था हवी आहे, तो छापील फॉर्मांचा गठ्ठा कपाटात ठेवतो आणि नव्या भरतीच्या मुलांना तो भरायला शिकवतो. यात भावुकपणा नाही. मला कागदाचे कौतुक नाही. पण आरोग्य केंद्रातली वीज जाणे ही ज्या भागात बातमी होत नाही, तिथे ‘पूर्णपणे पेपरलेस’ हे ध्येय ज्याने ठरवले, त्याला एकदा जुलैत झरीला पाठवावे.

आणि मोबाइल ज्यांच्या हाती दिला त्या आशाताई. वरच्या डॅशबोर्डातला बराच मजकूर त्यांच्या पायपिटीतून येतो. १५ जून २०२१ ला राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या, कारण करोनाच्या घरोघरच्या कामाचा मोबदला दिवसाच्या मजुरीइतकाही नव्हता. आठवड्याभराने दीड हजाराची वाढ मिळाली आणि संप मिटला. पुढे २०२३ च्या अखेरीस त्यांनी ऑनलाइन कामांवरच बहिष्कार टाकला. पोर्टलच्या बॅकअपसाठी दोन ठिकाणी सर्व्हर ठेवायचे आणि जिच्या नोंदीवर ते पोर्टल चालते तिला मोबदल्यासाठी रस्त्यावर बसवायचे, याला टिकाऊ व्यवस्था कसे म्हणणार? संकटात सर्वांत आधी तुटणारा दुवा इथे आहे. तो कोणत्याही सायबर सुरक्षेच्या आराखड्यात दिसत नाही.

कोणी म्हणेल, गावपातळीवरच्या माणसांकडून अचूक माहितीची अपेक्षाच भाबडी आहे. याला उत्तर विदर्भातल्याच गडचिरोलीने फार पूर्वी दिले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंद गावातल्याच माणसांकडून करून घेतली. पुढे राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या संस्थांनी तीच मोजणी केली आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. सरकारी आकडे बालमृत्यू कितीतरी कमी दाखवत होते. तंत्र काय होते, तर वही आणि पेन्सिल. फरक असा, की मोजणाऱ्या बाईला आपली नोंद कशासाठी आहे हे ठाऊक होते. बाळ आजारी पडल्याची नोंद झाली, की त्याच गावात त्याच्यावर उपचारही व्हायचे. माहिती गावातून निघून गावात परतत होती, म्हणून ती खरी राहिली.

माहिती यंत्रणेचा भक्कमपणा मोजायचा तो याच मापाने. मुकुटबनहून निघालेली खबर दिल्लीला किती तासांत पोहोचली हे विचारू नका; ती मुकुटबनला काय घेऊन, किती दिवसांत परत आली ते विचारा. २०१७ मध्ये परत काय यायला हवे होते? दवाखान्यात ॲट्रोपिन या उताऱ्याचा पुरेसा साठा. कोणत्या मिश्रणाचे रुग्ण येत आहेत याची डॉक्टरांना सूचना, कारण सगळ्याच विषांवर ॲट्रोपिन चालत नाही. ‘पोलो’तल्या डायफेन्थियुरॉनला तर ठरावीक उताराच नाही. कृषी केंद्रांना अमुक औषध तूर्त विकू नका असा आदेश, आणि गावात दवंडी. यांतले काहीही ऑगस्टमध्ये आले नाही. नंतर आले ते मास्क, चष्मे, हातमोजे यांचे किट, आणि शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही हा ठपका. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, अंगावर प्लॅस्टिक चढवून पंप मारून दाखवणारा अधिकारी अजून जन्मायचा आहे.

खर्चाचा प्रश्न येईल, म्हणून आधीच सांगतो: यासाठी नवे पोर्टल लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या २६व्या कलमाने राज्य सरकारला अधिकार दिला आहे, की फवारणीतून होणारी प्रत्येक विषबाधा अमुक व्यक्तींनी अमुक अधिकाऱ्याला कळवलीच पाहिजे असा आदेश काढावा. २७वे कलम तात्पुरत्या विक्रीबंदीचा अधिकार देते. नोव्हेंबरची ती बंदी याच बळावर आली. म्हणजे खबर आणि कारवाई ही दोन्ही टोके पन्नास वर्षांपूर्वीच शेजारी-शेजारी लिहून ठेवली होती. २०१७ मध्ये त्यांच्यात तीन महिन्यांचे अंतर पडले. ते अंतर भरायचे तर एमएलसीची एक प्रत पोलिसांबरोबर तालुका कृषी अधिकाऱ्यालाही गेली पाहिजे. आठवड्यात एकाच उत्पादनाचे तीन रुग्ण आले, तर जिल्ह्याची वाट न पाहता तालुक्यातली विक्री थांबवण्याची शिफारस करण्याचा हक्क प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला असला पाहिजे. आणि ती शिफारस चुकीची निघाली तरी त्याच्याकडून खुलासा मागितला जाणार नाही, हे लेखी असले पाहिजे. शेवटची अट सर्वांत स्वस्त आहे आणि तिलाच सर्वांत जास्त विरोध होईल. कारण चुकीच्या इशाऱ्याने नुकसान होते ते औषध विक्रेत्याचे, आणि तो दुसऱ्या दिवशी आमदाराकडे जाऊ शकतो. न दिलेल्या इशाऱ्याने मरतो तो सालगडी.

पैनगंगेपलीकडचा प्रश्न तरीही राहतोच. मुकुटबनहून रुग्ण घेऊन निघालेली गाडी आदिलाबादला पोहोचली, तर त्याची नोंद तेलंगणाच्या हिशेबात पडते. नदीच्या दोन्ही काठांवर तीच कपाशी, तीच अळी, तीच औषधे. दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी हंगामात आठवड्यातून एकदा एकमेकांना फोन करावा, एवढ्यासाठी कोणत्या मंत्रालयाच्या मंजुरीची गरज आहे, ते डॅशबोर्डवाल्यांनी सांगावे.